ठाण्याहून नेरळ–माथेरान : ७६ वर्षांच्या वडिलांना छोट्या गाडीने एका दिवसात नेऊन आणता येईल का?

मुक्काम नौपाडा (ठाणे)

नमस्कार. माझ्या वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून ३४ वर्षे काम केले. १९७४ साली लग्न झाल्यावर ते आणि आई दोन दिवसांसाठी माथेरानला गेले होते. त्या सहलीतले कोणते पॉइंट पाहिले ते बाबांना आज सांगता येत नाही, पण गाडीचे मात्र सगळे आठवते. वळणावर खिडकीतून पाहिले की पुढचे वाफेचे इंजिन आपल्याच डब्याच्या शेजारी आल्यासारखे दिसे, आणि डब्यावर बसलेला ब्रेकवाला माणूस शिट्टी ऐकून हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत असे, हे ते अजूनही हातवारे करून दाखवतात.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर बाबांनी स्वतःहून कुठे जायचे नाव काढले नव्हते. मागच्या रविवारी माझ्या मुलीने, जी पाचवीत आहे, त्यांना सहज विचारले की आजोबा, ती गाडी अजून चालते का, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चालत असेल तर एकदा बघायला हवी." म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर ते अर्धा तास चालतात, पण चढ आणि पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. मुक्काम करायची त्यांची तयारी नाही, कारण रात्री स्वतःच्याच अंथरुणावर झोपायची त्यांना सवय आहे. तेव्हा सकाळी ठाण्याहून निघून रात्रीपर्यंत परत येणे शक्य आहे का? अमन लॉज ते माथेरान अशी जी छोटी फेरी चालते तेवढीच केली तर पुरेल, की नेरळपासून पूर्ण प्रवास करावा? तिकिटे कशी मिळतात? आणि ती जुनी वाफेची इंजिने आता कुठे पाहायला मिळतात का? जानेवारीत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, जाण्याचा विचार आहे.

खाडीकाठ (ऐरोली)

आपला प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले, कारण मागच्या जानेवारीत मी माझ्या सासूबाईंना असेच एका दिवसात नेऊन आणले होते आणि त्यांचेही गुडघे असेच आहेत. जमते. मात्र त्या दिवशी सकाळी लवकर उठण्याची सगळ्यांची तयारी हवी.

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोलीकडे जाणारी लोकल घ्यावी, ती नेरळला थांबते. आम्ही ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन तिथून कर्जत लोकल पकडली होती. सकाळच्या वेळी मुंबईकडून कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांना उलट दिशेची गर्दी नसते, त्यामुळे सासूबाईंना खिडकीची जागा मिळाली. बदलापूर सुटल्यावर उजव्या हाताला डोंगरांची रांग लागते. तिच्यातला चंदेरीचा सुळका वडिलांना आणि मुलीला आवर्जून दाखवा. त्याच रांगेच्या पुढच्या टोकाला माथेरान आहे, त्यामुळे आपण कुठे चढणार आहोत हे खालूनच कळते.

नेरळ स्थानकाच्या आवारातच छोट्या गाडीची वेगळी खिडकी आहे. आम्ही गेलो तेव्हा नेरळहून सकाळी दोन गाड्या होत्या, एक नऊच्या सुमारास आणि दुसरी साडेदहाच्या आत, आणि माथेरानहून दुपारी पावणेतीन आणि चार अशा दोन परतीच्या. वेळापत्रक मोसमानुसार बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. गाडीला सहाच डबे असतात आणि त्यांतलेही काही सामानाचे, त्यामुळे जागा फार थोड्या. आम्ही आठच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पहिल्या गाडीची तिकिटे संपलेली होती आणि आम्हाला दुसरी गाडी घ्यावी लागली. सव्वादोन तास फलाटावरच्या बाकावर बसून काढावे लागले. आपण पहिल्या गाडीसाठी सातच्या आत नेरळला पोहोचावे असे मला वाटते. त्यासाठी ठाण्याहून साडेपाचच्या सुमाराची लोकल धरावी लागेल.

आता आपल्या मुख्य शंकेबद्दल. नेरळहून गाडीने गेलात तर ती थेट माथेरानच्या बाजारपेठेत, गावाच्या मध्यभागी आणून सोडते. वडिलांना एकही चढ चढावा लागणार नाही. वर मोटारींना बंदी आहे. खासगी गाडी किंवा टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते, आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीच्या फेरीने जावे लागते. अमन लॉज स्थानक दस्तुरीच्या वाहनतळापासून थोड्याच अंतरावर आहे. म्हणून आम्ही चढताना पूर्ण गाडी घेतली आणि उतरताना माथेरानहून अमन लॉजपर्यंतची फेरी, तिथून वाटणीची टॅक्सी करून नेरळ, असे केले. सव्वासहापर्यंत नेरळला आणि साडेआठच्या आत ऐरोलीला घरी पोहोचलो.

वर माकडे फार आहेत. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. वडिलांना चालायचे असेल तर बाजारातून शार्लोट तलावाच्या दिशेने थोडे जाऊन सावलीत बसावे. ती सगळी वाट जांभ्याच्या तांबड्या मातीची आहे, म्हणून पांढरे बूट नकोत. डबा घरूनच नेलात तर बरे, कारण जेवायला बसलो की तास जातो आणि हाताशी वेळ मोजकाच असतो.

जुना फिटर (कळवा)

आपल्या वडिलांनी जी गोष्ट लक्षात ठेवली आहे, तीच या रेल्वेची खरी गोष्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी रेल्वेच्या कारखान्यात इंजिनदुरुस्तीच्या कामावर होतो. या छोट्या मार्गावर माझी नेमणूक कधी झाली नाही, पण तिथली इंजिने मी जवळून पाहिलेली आहेत.

पहिल्यांदा सांगतो की अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी करून परत येऊ नका. ती फेरी २०१२ साली सुरू झाली आणि तिने लोकांची फार मोठी सोय केली आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती जेमतेम तीन किलोमीटरांची, डोंगराच्या माथ्यावरची वाट आहे. ज्या कारणासाठी ही रेल्वे आजही पाहावी ते सगळे नेरळ ते अमन लॉज या उरलेल्या सतरा-अठरा किलोमीटरांत आहे.

आगगाडी १८५३ मध्ये आपल्या ठाण्याला आली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली. माथेरान तोपर्यंत माहीत झालेले होते. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढून गेले आणि तिथूनच त्याचा बोलबाला झाला. म्हणजे १८५६ नंतर पुढची ५१ वर्षे माणसे आगगाडीने नेरळला उतरत आणि तिथून पालखीत, तट्टावर किंवा पायी वर जात. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योगपती. त्यांना एकदा नेरळला वर जायला काहीच साधन मिळाले नाही आणि त्यांनी इथे रेल्वेच बांधायची असे ठरवले, अशी हकीकत सांगतात. हकीकत बाजूला ठेवली तरी एवढे निश्चित की त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू केले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. खर्च १६ लाख रुपये आला आणि तो या कुटुंबाने स्वतः उभा केला. बार्शी लाइट रेल्वेमुळे नाव झालेले एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे या कामाचे सल्लागार अभियंते होते.

आता वडिलांच्या टर्नरच्या नजरेला पटेल असा भाग. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरांवर आणि माथेरान सुमारे ८०० मीटरांवर आहे. साडेसातशे मीटरांहून अधिक उंची ही गाडी २१ किलोमीटरांत चढते. सरासरी काढली तर २७-२८ मीटर पुढे जाताना एक मीटर वर, आणि जिथे सर्वांत तीव्र चढ आहे तिथे २० मीटरांत एक मीटर. तुलनेसाठी सांगतो, बोरघाटात पुण्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि तिथला चढ ३७ मीटरांत एक आहे. निलगिरीच्या रेल्वेने तिच्या तीव्र चढावर दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी टाकली आणि इंजिनाला दातेरी चाक लावले. दार्जिलिंगच्या गाडीला काही ठिकाणी पुढे जाऊन, थांबून, उलटे मागे चढावे लागते. नेरळ–माथेरानला यांपैकी काहीच नाही. गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर केवळ स्वतःच्या वजनाने पकड धरते आणि गाडी अखंड पुढे चढत राहते. उलटे जाण्याची गरज पडू नये म्हणून डोंगराच्या सोंडेवर घोड्याच्या नालेसारखे मोठे भराव घालून मार्ग वळवून आणला. गाडी वर गेल्यावर आपण आलो तोच रूळ खाली दिसतो, तो या नालेमुळे.

हे जमण्यासाठी दोन रुळांमधले अंतर दोनच फूट ठेवले आणि काही वळणे ६० फूट त्रिज्येपर्यंत आवळली, म्हणजे साधारण १८ मीटर. आपल्या सोसायटीच्या आवारात मावेल एवढे वळण. तीन आसांचे इंजिन एवढ्या वळणात शिरले तर मधले चाक रुळावर राहते आणि टोकाची चाके रुळाला घासून बाहेर पडू पाहतात. यावर जर्मनीच्या ओरेन्श्टाइन अँड कॉपेल कंपनीने बांधलेल्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस बसवले होते. टोकाचे दोन आस पोकळ नळीसारखे होते आणि त्यांच्या आत मुख्य आस. त्यामुळे बाहेरची नळी चाकांसह थोडी डावी-उजवीकडे सरकू शकत असे आणि वळणाप्रमाणे किंचित तिरकी होत असे, पण फिरण्याची शक्ती मात्र तिला आतल्या आसाकडून मिळत राही. वडिलांनी लेथवर नळ्या कापल्या असतील, त्यांना हे दोन वाक्यांत समजेल. अशी चार इंजिने या मार्गावर होती आणि १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती चालली. म्हणजे १९७४ साली आपल्या आई-वडिलांनी पाहिले ते इंजिन या चारांतलेच. त्यांतले एक नेरळ स्थानकापाशी ठेवलेले आहे. गाडी सुटण्याआधी दहा मिनिटे राखून ते जरूर दाखवा. वडिलांना वाकता येत असेल तर टोकाची चाके बाजूने बघायला सांगा.

ब्रेकवाल्या माणसांबद्दल. पूर्वी प्रत्येक डब्याला हाताने आवळायचा ब्रेक होता आणि उतरताना चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ती माणसे एकाच वेळी चाक फिरवत. सगळ्यांनी सारखा दाब द्यावा लागे. एकाने जास्त आवळला तर त्या डब्याची चाके घसटत, एकाने कमी आवळला तर तो डबा पुढच्याला ढकलत असे. २०१६च्या मे महिन्यात डबे रुळांवरून घसरण्याच्या घटना घडल्यावर सेवा थांबवण्यात आली, आणि पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले, वळणांवर दरीच्या बाजूला संरक्षक भिंती घातल्या. अमन लॉज–माथेरान फेरी २०१७च्या ऑक्टोबरात आणि पूर्ण मार्ग २०१८च्या जानेवारीत सुरू झाला. बाबांना ती माणसे आता डब्यावर दिसणार नाहीत, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

पावसाळ्याबद्दल कुणी विचारलेले नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो. जूनच्या पूर्वार्धापासून पावसाळा सरेपर्यंत नेरळ–अमन लॉज हा भाग बंद असतो आणि वरची फेरी चालू राहते. दरडी कोसळणे आणि रुळांखालची खडी वाहून जाणे ही त्याची कारणे. २६ जुलै २००५च्या पावसात मार्गाची इतकी हानी झाली की तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि २०१९च्या पावसाळ्यात वाहून गेलेला मार्ग २२ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झाला. दुरुस्ती करणारे कामगार खडी, रूळ आणि स्लीपर या डोंगरावर कसे नेतात हे ज्याने पाहिले असेल, त्याला तीन वर्षे जास्त वाटणार नाहीत.

सेक्टर सतरा (वाशी)

वरची माहिती उत्तम आहे, परंतु एका बाबतीत मी वेगळा सल्ला देईन. पाचवीतली मुलगी आणि ७६ वर्षांचे आजोबा यांना पहाटे साडेपाचला लोकलमध्ये बसवणे, मग रांग, मग पावणेतीन तास लाकडी हिंदोळ्यासारखी हलणारी गाडी, हे सगळे एकापाठोपाठ जड जाते. आम्ही उलट केले. आठ वाजता वाशीहून आरामात निघालो, नेरळहून वाटणीच्या टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर गेलो, अमन लॉजहून फेरीने वर, दुपारी तीन तास माथेरानात, आणि परतताना पावणेतीनच्या गाडीने पूर्ण मार्ग उतरून नेरळ. दुपारी पश्चिमेकडून येणारे ऊन, पॅनोरमा पॉइंटच्या खालून जाणारे रूळ आणि खाली पसरलेले उल्हास नदीचे खोरे हे उतरतानाही तितकेच दिसते. मुले सकाळी ताजी असतात तेव्हा त्यांना गाव पाहू द्यावे आणि दमल्यावर गाडीत बसवावे, असा माझा अनुभव आहे.

मुक्काम नौपाडा

सर्वांचे मनापासून आभार. फिटरकाका, आपले उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. पोकळ आसाच्या भागापाशी त्यांनी मला थांबवले, कागद-पेन्सिल मागितली आणि नळीच्या आत नळी काढून माझ्या मुलीला समजावून सांगितली. आता प्रश्न एवढाच उरला आहे की गाडीने चढावे की उतरावे. आपले मत काय?

जुना फिटर (कळवा)

वाशीच्या वाचकांचा मुद्दा विश्रांतीच्या दृष्टीने बरोबर आहे आणि लहान मूल फारच लहान असते तर मीही तेच सांगितले असते. तरी आपल्या वडिलांसाठी मी चढतानाच म्हणेन. उतरताना इंजिन फक्त गाडी सावरून धरत असते, त्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ सारखाच राहतो आणि ब्रेक तेवढे बोलतात. चढताना इंजिनाला प्रत्येक वळणाचे वेगळे ओझे असते. वळणात शिरले की चाकांचे घर्षण वाढते, वेग पडतो, चालक थोडी अधिक शक्ती देतो आणि वळण सुटले की आवाज मोकळा होतो. आता डिझेल इंजिन असले तरी हे कानाला स्वच्छ कळते. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्राच्या आवाजावरून हत्यार बोथट झाले की नाही हे ओळखले, त्याला डोळे मिटूनही वळण कधी आले ते सांगता येईल.

वेगाची चिंता करू नका. २१ किलोमीटरांना सुमारे पावणेतीन तास लागतात, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्थानकांवर गाडी थांबते, तिथे पाय मोकळे करता येतात. वॉटर पाइप हे नाव नेरळहून वर नेलेल्या पाण्याच्या नळावरून पडले आहे, हे मुलीला सांगा. मार्गावर एकच बोगदा आहे आणि तो इतका छोटा आहे की मुलीने 'आला' म्हणेपर्यंत संपतो.

खाडीकाठ (ऐरोली)

एक राहून गेले. गाडी एवढ्या वेळा वळते की दरी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे येते, त्यामुळे अमुकच बाजूची खिडकी हवी असा आग्रह धरू नये. वडिलांसाठी मात्र बसण्याची उशी न्यावी. आम्ही नेली नव्हती आणि सासूबाईंची कंबर दुसऱ्या दिवशी धरली.

मुक्काम नौपाडा

जाऊन आलो. ज्यांनी सल्ला दिला त्यांना वृत्तांत देणे हे माझे कर्तव्य आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे सव्वापाचला घरातून निघालो. उठवायला गेले तर बाबा आधीच दाढी करून, कोट घालून बसलेले होते. सात वाजायला दहा मिनिटे असताना नेरळला उतरलो. रांगेत आमच्या पुढे अकरा माणसे होती आणि पहिल्या गाडीची द्वितीय वर्गाची तिन्ही तिकिटे मिळाली. उशी नेली होती.

उरलेल्या वेळात जुन्या इंजिनापाशी गेलो. मला वाटले होते की बाबा त्याच्यासमोर उभे राहून आईबद्दल काही बोलतील. ते बोलले नाहीत. ते इंजिनाला एक फेरी मारून आले, मग टोकाच्या चाकापाशी काठीवर भार देऊन जेवढे वाकता येईल तेवढे वाकले आणि मुलीला म्हणाले, "तू खाली बस आणि मला सांग, मधल्या चाकाचा आस आणि या चाकाचा आस सारखा जाड दिसतो का?" ती मांडी घालून जमिनीवर बसली, मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली की कडेचा जाड आहे. बाबांनी मान हलवली. तिने तिथेच वहीत चित्र काढले, ते तिच्या प्रकल्पात पहिल्या पानावर आहे.

गाडी सुटल्यावर काही अंतर मोठ्या रुळांच्या सोबतीने जाते. आमच्या शेजारून एक कर्जत लोकल गेली आणि त्यातल्या लोकांनी हात केले. त्यानंतर गाडी डोंगराकडे वळली आणि पहिला चढ लागला. फिटरकाका, आपण लिहिले होते ते शब्दशः खरे निघाले. जुम्मापट्टीच्या पुढे बाबांनी डोळे मिटले. मला वाटले झोप लागली, पण ते हाताच्या बोटाने मांडीवर खूण करत होते, आणि प्रत्येक खुणेनंतर दोन-तीन क्षणांत डबा वळणात झुकत होता. मुलीच्या ते लक्षात आले तेव्हा तीही डोळे मिटून तसेच करायला लागली. तिची खूण बहुधा उशिरा येत होती.

जुम्मापट्टीला रानमेवा विकायला आलेल्या बायकांकडून बोरे घेतली. पुढे घोड्याच्या नालेसारखा भराव आला तेव्हा मी बाबांना हलवून जागे केले आणि खालचा रूळ दाखवला. त्यांनी खिडकीतून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "माती कुठून आणली असेल एवढी?" याचे उत्तर मला देता आले नाही. डोंगराची सोंड एका बाजूला कापून तीच दुसऱ्या बाजूला भरली असावी असे त्यांनी स्वतःच ठरवले. रुळांच्या वरच्या कड्यावरचा गणपतीही गाडीतून दिसला. त्या खडकात गणपतीचा आकार दिसला आणि पुढे त्याची मूर्ती घडली, ती या गाडीच्याच एका चालकामुळे, हे शेजारच्या प्रवाशाने सांगितले. त्यावर बाबा म्हणाले की रोज तोच खडक बघणाऱ्यालाच ते दिसणार.

साडेअकराच्या थोडे नंतर माथेरान स्थानकावर उतरलो. बाजारातल्या सावलीत बसून डबा खाल्ला. माकडांबद्दलची सूचना फार उपयोगी पडली. आमच्या समोरच्या बाकावरच्या कुटुंबाची पोळीभाजी गेली. शार्लोट तलावापर्यंत जाण्याचा विचार होता, पण बाबा अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली बसले आणि इथेच बरे आहे म्हणाले. तिथे, कुणी काही विचारले नसताना, त्यांनी सांगितले की १९७४ साली परत उतरताना आईला गाडी लागली होती आणि वॉटर पाइप स्थानकावर गाडी थांबल्यावर ब्रेकवाल्या माणसाने खाली उतरून आपल्या बाटलीतले पाणी तिला तोंडावर मारायला दिले होते. ही गोष्ट मी आयुष्यात प्रथमच ऐकली. त्या माणसाचा चेहरा आठवत नाही, पण त्याच्या तळहातांवर ब्रेकच्या चाकाने पडलेले घट्टे आठवतात, असे बाबा म्हणाले.

परतताना माथेरानहून अमन लॉजपर्यंत फेरीने आलो आणि पुढे वाटणीच्या टॅक्सीने नेरळ. दस्तुरीच्या वाहनतळापर्यंतचे अंतर बाबा काठी टेकत, दोनदा थांबून, व्यवस्थित चालले. संध्याकाळी सव्वासातला नौपाड्यात घरी होतो. गुडघा दुसऱ्या दिवशी थोडा सुजला होता, शेकल्यावर उतरला.

वाशीच्या वाचकांना एक सांगायचे आहे. आपला सल्ला वाया गेलेला नाही. काल जेवताना बाबांनी विषय काढला की चढतानाचे सगळे ऐकून झाले, पण उतरताना हवेचे ब्रेक कसे धरतात ते ऐकायचे राहिले आहे. त्यामुळे फेब्रुवारीत पुन्हा जायचे ठरत आहे, या वेळी टॅक्सीने वर आणि पावणेतीनच्या गाडीने खाली. परतीची तिकिटे माथेरानच्या खिडकीवर किती वाजल्यापासून देतात, आणि अकरापर्यंत वर पोहोचलो तर ती मिळण्याची शक्यता कितपत आहे, हे आपण कृपया सांगाल का?

सेक्टर सतरा (वाशी)

वाचून फार बरे वाटले. आम्हाला आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला रांगेत उभे राहून मिळाली होती, परंतु शनिवार-रविवारी तसे धरून चालू नये. स्थानकावर उतरताच आधी खिडकीपाशी जाऊन त्या दिवशीची वेळ विचारून घ्या आणि मगच डबा उघडा. वडिलांना मागच्या डब्यांपैकी एखाद्यात बसवा. वळणावर पुढचे डबे आणि इंजिन दोन्ही खिडकीतून दिसतात, आणि ब्रेक धरल्याचा आवाजही पुढून मागे येताना ऐकू येतो.